पिंपातले गहू आणि बरणीतले उडीद

१२ जून, गुरुवार

आजपासून दहा दिवस. कॉलेजची पोरगी आली होती, पौलोमी. डिझाइन शिकते म्हणे. मी विचारलं, कपड्यांचं? ती म्हणाली, नाही मासी, माणसांचं. माणसं घडून बसलेली असतात, त्यांचं आता काय डिझाइन करणार! घरात पैशाचा विषय निघाला की आईबापांना आणि मुलांना काय वाटतं, ते शोधायचंय तिला. चौघांना चार काचेच्या बरण्या दिल्या. आनंद वाटला तर मूग टाकायचा, राग आला तर राजमा, भीती वाटली तर काळा उडीद. दुसऱ्याच्या बरणीत डोकावायचं नाही.

मला ही वहीसुद्धा दिली. मनात येईल ते लिहा, आम्ही वाचणार नाही, म्हणाली. मी पाचवी शिकलेली. पण खाकऱ्यांच्या ऑर्डरी रोज लिहिते, अक्षर सरळ येतं.

मी तिला आधीच सांगून टाकलं, आमच्या घरात पैशावरून कुणाला काही वाटत नाही. माझी लेक झंखना माझ्याकडे काहीही बिनधास्त मागते. तिने ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

१३ जून, शुक्रवार

गच्चीवर कैरीच्या छुंद्याची बरणी उन्हात ठेवायला गेले. शेजारच्या कपिलाबेन तिथेच होत्या. म्हणाल्या, रसीलाबेन, पेढे कधी? त्यांच्या मुलीकडून, भार्गवीकडून, कळलं. झंखनाला वडोदऱ्याच्या कॉलेजात जागा मिळालीय, फिजिओथेरपीला. पैसे शनिवारी, एकवीस तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत भरायचे. नाहीतर जागा पुढच्याला. मी म्हटलं, मला काय सांगता, माहीत आहे. माहीत नव्हतं.

खाली आले. झंखना भांडी पुसत होती. बोलली नाही. मीही नाही.

पैसे आहेत. गव्हाच्या पिंपात, तळाशी, रुमालात. पाच वर्षं खाकरे लाटले ते कशासाठी? तिच्यासाठीच. मागेल. मागितल्या मिनिटाला काढून देईन. सोमवारी पौलोमी परत येणार, तिच्यासमोर मागितले तर फारच छान.

निश्चय: ती मागेपर्यंत मी विषय काढायचा नाही. आणि तोंडात साखर ठेवायची.

१४ जून, शनिवार

झंखना म्हणाली, मम्मी, शॅम्पू संपला. मी म्हटलं, शॅम्पू काय झाडाला लागतो? रिठे आहेत घरात. हे पैशाबद्दल नव्हतं, रिठ्याबद्दल होतं. तिच्या बरणीत टक् वाजलं. तव्यावर खाकरा होता, कुठला दाणा ते दिसलं नाही.

साखर उद्यापासून.

१५ जून, रविवार

फळीवर धूळ साचली होती, पुसली. पुसताना दिसतं, त्याला डोकावणं म्हणत नाहीत.

बा, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांची बरणी मुगाने अर्धी. आवाज आवडतो म्हणून टाकतात. उर्वरित जगाशी संबंध नाही. ह्यांचे चार राजमे. माझी रिकामी, अर्थातच. झंखनाची: मूग एक, उडीद अकरा.

भीती कसली तिला? बाप घुमा आहे त्याची. घुम्या माणसाची पोरींना भीती वाटते. ह्यांना सांगितलं, पोरीशी जरा बोलत जा. म्हणाले, तू बोलतेस तेवढं पुरत नाही का तिला? मला काही वाटलं नाही. दाणा टाकला नाही.

१६ जून, सोमवार

पौलोमी आली. रुमाल सकाळीच पिंपातून काढून ब्लाउजात ठेवला होता. मागितल्यावर धावाधाव नको.

तिने झंखनाला विचारलं, मम्मीकडे काय मागायला सगळ्यात जड जातं? पोरीला मोकळेपणा वाटावा म्हणून मी अगदी समोर बसले. झंखनाने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, काही नाही. मी पौलोमीला खूण केली, बघ, म्हटलं होतं ना.

मग पौलोमीला अचानक चहा हवा झाला. मी आतून ओरडून सांगितलं, बोला ग बोला, मला इथून सगळं ऐकू येतं. दोघी गप्प बसल्या.

रुमाल परत पिंपात. छातीवर घामोळं आलं.

१७ जून, मंगळवार

तिला वाट मोकळी करून दिली. ती ऐकेल अशा आवाजात बांना म्हटलं, या घरात जो मागतो त्याला मिळतं. बा म्हणाल्या, होळीपासून चष्मा मागतेय. सगळा विचका.

१८ जून, बुधवार

उडीद सव्वीस. हे कॉलेजवाले आपल्या घराबद्दल काय म्हणतील! वीस काढून डब्यात टाकले, बदल्यात मूग भरले. बरणी लगेच हसरी दिसायला लागली.

संध्याकाळी बघते तर मूग ओट्यावर वाटीत, आणि उडीद परत सव्वीस. माझ्याच डब्यातून घेतले. बोलली मात्र काही नाही. किती हट्टी! कुणावर गेलीय कोण जाणे.

१९ जून, गुरुवार

उरले दोन दिवस. झंखना लायब्ररीतून रिक्षाने आली. मी म्हटलं, पायाला मेंदी लावलीय? तुझ्यापायी किती जातात माहितेय का? तर म्हणाली, ऊन होतं. टक्. टक्.

आता रिक्षाचे चाळीस रुपये मी वाचवत होते ते कुणासाठी? तिच्याच हॉस्टेलसाठी. पण हे तिला सांगायचं तर विषय काढावा लागेल, आणि विषय काढायचा नाही असं ठरलंय.

२० जून, शुक्रवार

ह्यांना सगळं माहीत होतं. भार्गवीच्या बापाने सांगितलं म्हणे. मला म्हणतात, रसीला, तूच विचार तिला. उद्या शेवटचा दिवस. मी म्हटलं, मी का विचारू? आई विचारत नसते, मूल मागतं. मी बापाकडे सहावीची फी मागितली नाही म्हणून पाचवीवरच थांबले. दारापर्यंत जायचे, त्याचा चेहरा बघून परत यायचे. माझी मुलगी तशी होता कामा नये. तिला मागता आलंच पाहिजे.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठून त्यांच्या बरणीत राजमा टाकला. कशाचा राग, विचारलं नाही.

२१ जून, शनिवार

सकाळी ८. रुमाल पिंपाच्या झाकणावर ठेवलाय, एक टोक दिसेल असा. यापेक्षा आईने काय करायचं?

दुपारी १. शनिवार, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे उडदाची डाळ. जेवताना झंखना म्हणाली, मम्मी. माझ्या हातातली पळी थांबली. म्हणाली, डाळीत मीठ कमी आहे. मीठ दिलं.

३.३०. फोनवरून भरले तरी चालतात म्हणे पैसे. कपिलाबेनना फोन चार्ज करून ठेवायला सांगितलं. कशाला ते सांगितलं नाही.

४.४०. झंखना पिंपाजवळ आली. उभी राहिली. मी विचारलं, काय हवंय? प्रेमानेच विचारलं होतं, पण माझा आवाज जसा निघतो तसाच निघाला. म्हणाली, काही नाही. गेली.

४.५५. तिच्यामागे जावंसं वाटलं. तवा तापला होता.

५.१०.

६.३०. पौलोमी आली. बरण्या ताटांत ओतल्या. झंखनाच्या ताटात एक मूग, बाकी काळं. पौलोमीने विचारलं, एवढ्या कसल्या भीत्या? झंखना म्हणाली, एकच आहे. रोज मागायला जायचे, मम्मीचा चेहरा बघून परत यायचे. येताना एक टाकायचे.

मी रुमाल घेऊन कपिलाबेनकडे धावले. फोनवर साइट बंद. ह्यांनी वडोदऱ्याला फोन लावला, वाजत राहिला.

२२ जून, रविवार

झंखना उद्यापासून रिलीफ रोडला साडीच्या दुकानात जाणार. भार्गवीच्या मामाचं दुकान आहे. हे मला विचारून नाही, सांगून.

ती गच्चीवर छुंदा ढवळत होती. मी म्हटलं, पुढच्या वर्षी परत फॉर्म भर. तोंड उघडून मागत जा ग. पैसे होते. गव्हाच्या पिंपात, तळाशी.

म्हणाली, माहीत आहे मम्मी. गहू मीच काढते ना.

दुपारी पौलोमी बरण्या न्यायला आली. विचारत होती, ते रेघ मारलेलं ‘बिनधास्त मागते’चं वाक्य कॉलेजच्या प्रदर्शनात भिंतीवर लावू का, तुमच्या फोटोखाली? मी म्हटलं, नको. बरण्या धुऊन दिल्या. तीन. माझी धुवावी लागली नाही.