दादाच्या ऑपरेशननंतरचा सहावा दिवस

दादा,

आत्ता कुठे तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. आजही आली नाहीस तर कायमची घरी बस, असं कामावरच्या मॅडम म्हणाल्यात. जावंच लागतंय.

थर्मासमध्ये पातळ सूप आहे. बसूनच घोट घोट घे. ब्रेड नको, काल तो छातीत अडकला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. गिळताना काही आठवडे त्रास होणारच, खांदाही ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या गॅसनेच दुखतोय, असं डॉक्टर म्हणाले. पण पाणीसुद्धा उतरेना झालं तर लगेच फोन कर, तशीच धावत येईन.

"तुझं ऐकलं आणि फसलो," म्हणालास. ॲसिडिटीच्या या ऑपरेशनसाठी मीच तुझ्या मागे लागले होते, खरंय. मला हवं तेवढं बोल, पण खाणं सोडू नकोस रे.

आणि दाराला आतून कडी लावू नकोस.

छोटी