कोट उतरवण्याचा कोर्स

२ फेब्रुवारी, सकाळ

सूनबाई, लिहून घे आणि विसरून जा. विसरण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. काल दूध गॅसवर ठेवून तूच मला विचारत होतीस, आई, कसला वास येतोय. ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे. मला अक्षर येत नाही म्हणून लिहिणार तू, वाचून दाखवणारही तू. पण खाजगी ती खाजगीच.

तर घराला रंग लागला, भिंतीवरचे सगळे फोटो उतरले. बाकीचे परत चढतील. यांचाही चढेल, पण कोटासकट नाही. हे गेले तेव्हा आमचे चिरंजीव कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन फोटो घेऊन आले. काळा कोट, लाल टाय. उभ्या संसारात या माणसाच्या अंगावर मी कोट पाहिला नाही. वजनकाटे दुरुस्त करायचे. दोन निळ्या चौकडीचे शर्ट, एक अंगावर, एक दोरीवर. आणि भिंतीवर बँकेचा मॅनेजर. सकाळी उठून परक्या पुरुषाचं तोंड बघायचं, तेही या वयात.

निश्चय: स्टुडिओवाले सर वरच्या मजल्यावर फोटोग्राफी आणि एडिटिंग शिकवतात. आज नाव घातलं. कोट मी स्वतः उतरवणार. सरांना कारण सांगितलं नाही. ज्यांनी कोट चढवला त्यांनाच तो काढायला सांगायचं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या.

५ फेब्रुवारी

पहिला वर्ग. कोपर पोटाशी, श्वास रोखायचा, मग बटण. यात शिकण्यासारखं काय आहे? सुईत दोरा ओवताना मी दुसरं काय करते? बाकी सगळी कॉलेजची पोरं. एक मुलगी घरातही काळा गॉगल लावून बसते, ती माझ्या शेजारी.

खिडकीतल्या कुंडीचा फोटो काढला. सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, आजी, बोट. मी विचारलं, बोट कसं आलंय? म्हणाले, बोट छान आलंय. पहिल्याच दिवशी शाबासकी.

११ फेब्रुवारी

उजेड शिकले. भर उन्हात माणूस उभा केला की डोळ्यांखाली खड्डे पडतात. खिडकीशी बाजूने बसवला की चेहरा खुलतो. घरी आल्यावर भाऊजींना खिडकीशी बसवलं. यांचे धाकटे भाऊ. राहतात समोरच्या घरात, असतात आमच्या खुर्चीत. म्हणाले, वहिनी, एवढ्या वेळात लोक पुतळा उभा करतात. बऱ्याच फोटोंत डोळे मिटलेले आलेत. चूक त्यांची. शेवटी शेवटी झोपले होते.

कोटाचा विषय निघाला. म्हणाले, राहू द्या की, कोटात दादा साहेब दिसतो. मी म्हटलं, साहेब तुमच्या घरी लावा, माझ्या भिंतीवर माझा नवरा हवा. चहा अर्धा टाकून गेले. संध्याकाळी परत आले, उरलेला प्यायला.

१६ फेब्रुवारी

वर्गाला गेले नाही. ताप नव्हता, पाहुणे नव्हते. जिना होता.

२४ फेब्रुवारी

आज कॉम्प्युटर. सरांना काळजी, आजींना वाचता येत नाही, कसं होणार. मी म्हटलं, या यंत्रात वाचायचं आहेच काय, सगळी चित्रंच तर आहेत. कात्री, ब्रश, खोडरबर, जादूची काठी. वाचता येणारी पोरं अजून शोधत होती, मी खोडायलाही लागले.

एक उलटा बाण आहे. तो दाबला की केलेलं मागे फिरतं. असा बाण भाऊजींच्या तोंडाला बसवून मिळत असेल तर आणखी एक कोर्स करीन.

सरावासाठी गॉगलवालीचा फोटो. गॉगल काढा म्हणाले. काढला. सोबत डोळेही गेले. सर म्हणाले, आजी, हळू. हाताला वेग असला की लोकांना बघवत नाही.

४ मार्च

घरी जाहीर केलं. पुढच्या पंधरवड्यात रविवारी सगळ्यांना जेवायला बोलवायचं आणि बिनकोटाचा फोटो लावायचा. मुलाने खिळा ठोकून दिला. मग म्हणाला, आई, सरांना सरळ विचार ना, बाबांचा दुसरा एखादा फोटो असेल त्यांच्याकडे. मी म्हटलं, विचारणारे विचारत बसतात, शिकलेले करून दाखवतात. त्याने तुझ्याकडे पाहिलं, तू छताकडे पाहिलंस. मला दिसलं. लिही.

१४ मार्च

झालं. सर खाली गिऱ्हाइकांत होते तेवढ्यात यांचा फोटो गॉगलवालीकडून उघडून घेतला, खोडरबर उचललं आणि कोट पुसायला घेतला. आधी टाय. मग कॉलर, मग खांदे. एकदा हनुवटी गेली, ती बाणाने परत आणली.

आणि कोटाखाली काय निघालं? चौकडी. बारीक, करडी-पांढरी चौकडी. म्हणजे कोट वरून घातलेला, आत यांचा शर्ट तसाच. गळ्यापासून खालपर्यंत सुरकुती नाही. इस्त्री माझीच असणार. रंग थोडा उडालाय, पण निळ्याचं करडं होतंच. मी म्हणत होते की नाही, आत माझाच माणूस आहे.

डोळ्यांत पाणी आलं. स्क्रीनकडे फार वेळ बघितलं की येतं.

गॉगलवाली काहीतरी सांगायला लागली. तिला म्हटलं, बाळ, तू आधी तुझे डोळे परत आण. मोठ्या आकारात छापायला टाकलं.

१८ मार्च, रविवार

सगळे आले. जेवणं झाली. छापून आलेलं पाकीट मी न उघडताच ठेवलं होतं, थाटात सगळ्यांसमोर उघडलं.

यांचं डोकं आहे. कान आहेत. हनुवटीखाली पांढरा कागद.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. भाऊजी म्हणाले, वहिनी, दादाला दुधात बसवलंत का?

छपाईत शर्ट गाळलाय. उद्या सरांना धरते.

१९ मार्च

गेले आणि विचारलं, शर्ट कुठे आहे आमचा. सरांनी फोटो उघडला, पाहिला, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. म्हणाले, आजी, ती चौकडी म्हणजे शर्ट नाही. इथे आता काहीच उरलं नाही, असं सांगायची यंत्राची ती खूण आहे. तुम्ही कोट पुसलात, आत कोणी नव्हतं. मी म्हटलं, असली खूण ठेवणाऱ्याच्या घरी कोणी चौकडीचा शर्ट घालत नसावं.

मग त्यांनी जुना फोटो काढला. त्यात हे, निळ्या चौकडीत, वरचं बटण लावलेलं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, हाच छापा. यांना मॅनेजर करायला तुम्हाला सांगितलं कोणी?

सर म्हणाले, त्यांनीच.

पेन्शनच्या कागदासाठी फोटो काढायला आले होते म्हणे. काम झालं तरी उठेनात. मग विचारलं, तुमच्याकडे कोट असतो का. सर म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये असतो. तर शेजारी बसून एकेक कोट अंगाला लावून बघितला. करडा नको, तपकिरी नको, काळा. टायवर आणखी वेळ गेला. आणि जाताना सांगून गेले, आत्ता घरी नेत नाही, बायको हसेल. मी गेल्यावर मुलगा येईल फोटो मागायला, त्याला हा द्या. तेव्हा हसली तरी मला ऐकू येणार नाही.

मी हसले नाही. जिना उतरताना थोडी हसले. मग पायरीवर बसले. जिना मोठाच आहे तो.

२१ मार्च, दुपार, स्टुडिओतून फोनवर

सूनबाई, लिहितेस ना? कोट राहणार. सगळ्यांना सांग, मी ठरवलंय. भाऊजी सकाळी म्हणाले, मग एवढं शिकलात कशाला? त्यांना कोटातलं काय कळतं. सरांनी कोट चढवलाय तो खुंटीला टांगल्यासारखा, दोन्ही खांदे एका रेषेत. यांचा उजवा खांदा जन्मभर हत्यारांची पिशवी वाहून उतरला होता. एवढ्या हौसेने कोट घेतला माणसाने, तर तो अंगाला तरी बसला पाहिजे. हे काम सरांच्याने व्हायचं नाही, ते यांच्या उजव्या बाजूने कधी चालले नाहीत.

खांदा उतरवायला घेतलाय. सकाळपासून दोनदा टाय गेला, एकदा कान गेला, आत्ता सबंध मान वाकडी झाली आहे. सर म्हणतात, आजी, मी करून देऊ का? अजिबात नाही.

संध्याकाळपर्यंत घरी येत नाही. डबा पाठव. उकडलेले बटाटे, मीठ वेगळं, चार अंडी, मऊ पाव, आणि केळी पिकलेली पाठव, परवासारखी हिरवी नकोत. दोघांपुरतं भर, माझ्यामुळे सरांनाही जेवायला उठता येत नाहीये.