आठच्या मालिकेचं रेकॉर्डिंग

सोम. ८ जाने.
सौ.ला बाळकुमला मनूकडे पोचवून आलो. आमच्या लेकीची रजा संपली, नातू सात महिन्यांचा, आणि ठरवलेली बाई ऐन वेळी गावाला पळाली. "पंधरा दिवसांचा प्रश्न आहे बाबा, दुसरी बाई मिळाली की आई परत." ठीक.
घरातून निघताना सौ.ने एकच काम सांगितलं. गोळ्यांचं नाही, दुधाचं नाही. "आठची मालिका तेवढी रेकॉर्ड होतेय ना बघा. आल्यावर सगळी एकदम बघेन." बॉक्सला तिनेच लावून ठेवलंय, रोज आपोआप होतं. मी फक्त बिघडवायचं नाही.

बुध. १०
संध्या. साडेसात ते सव्वानऊ बाग. कट्ट्यावर असतानाच नऊला सौ.चा फोन.
"झालं का रेकॉर्ड?"
"झालं."
"जेवलात?"
"जेवायचंय."
संपलं. शेजारी बसलेला प्रधान म्हणाला, हजेरी लागली वाटतं. लागली म्हटलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात फोनवर आम्ही याहून लांब बोललेलो आठवत नाही.

शनि. १३
हजेरी लागली. भात करपला. सांगितलं नाही.

सोम. १५. संक्रांत
समोरच्या सामंतबाई तिळगूळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "वहिनींना सांगा, गायत्रीने घर सोडलं हो!" गायत्री म्हणजे मालिकेतली सून. म्हटलं बघू तरी, म्हणून रिमोट घेऊन यादी काढली. शेवटचं रेकॉर्डिंग शनि. ६ तारखेचं. त्यानंतर काही नाही. गेल्या आठवड्याचे सहाच्या सहा भाग गायब.
बॉक्स बिघडला म्हणून त्याला शिव्या घातल्या. मग बोर्डाकडे लक्ष गेलं आणि डोक्यात प्रकाश पडला. बाहेर पडताना मी टीव्हीचं बटण बोर्डावरून बंद करतो. रोज. चौतीस वर्षं एमआयडीसीतल्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. जागा सोडायची तर आधी सप्लाय तोडायचा, हाताला सांगावं लागत नाही. सौ. घरी असायची तेव्हा आठला टीव्ही चालूच असायचा, म्हणून कधी अडलं नाही. वीज नाही तर बॉक्स रेकॉर्ड काय कपाळ करणार! हे मला, इलेक्ट्रिशियनला, कळू नये. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.
रात्री फोन. "झालं का रेकॉर्ड?" "झालं." आजचं खरंच झालं होतं. मागच्या सहांचं बोललो नाही. लाज वाटली.

मंगळ. १६
दुपारी मालिका पुन्हा लागते, पण आदल्या दिवसाचीच. माझा फोन बटणांचा, त्यात काही दिसत नाही. शेवटी ही वही घेऊन सामंतबाईंकडे गेलो. म्हटलं, सहाही भाग सांगा, मी मागच्या पानांवर लिहून घेतो. सौ. आली की वाचून दाखवीन.
मी क्रमाने लिहीत होतो. बाईंना धीर नाही. "अहो भावजी, जावेने कानाखाली वाजवली ते आधी लिहा ना!" दोन तासांत तीन भाग. दोनदा चहा.

गुरु. १८
सहाही भाग उतरवून झाले. बाग बंद, कट्टा बंद. आठला घरीच बसतो. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की जीव भांड्यात पडतो. आता बसलोच आहे तर बघतोही. गायत्रीचा नवरा ठोंब्या आहे. घर सोडलेली बायको राहिलेली बॅग न्यायला दारात उभी आणि हा विचारतोय, पाणी गेलं का.

शनि. २०
फोन आला, पण रेकॉर्डचं विचारलंच नाही. नातवाला सर्दी. तीन बायका बघितल्या, एकही धड नाही. मीच म्हटलं, "आजचं झालं हं रेकॉर्ड." म्हणाली, "हो का? बरं."
घर मोठं वाटतंय. दोन खोल्यांचं घर.

मंगळ. २३
मटार आणि तिळाच्या वड्या घेऊन बाळकुम. पोचलो तेव्हा आठ वाजून गेलेले. बघतो तर सौ. मनूच्या टीव्हीसमोर, मांडीवर नातू, आणि समोर गायत्री रडतेय!
"बसा, बसा. रंगात आलंय."
"तू रोज बघतेस इथे?"
"पहिल्या दिवसापासून."
"मग रेकॉर्ड झालं का म्हणून मला कशाला विचारत होतीस?"
नातवाचं टोपडं नीट करत म्हणाली, "काहीतरी विचारायला नको? नुसतं कसे आहात विचारलं की तुम्ही 'बरा' म्हणून फोन ठेवता."
मग सहा भाग बुडवल्याचं कबूल केलं. ती हसायलाच लागली. "माहितीये. सामंतबाईंनी त्याच दिवशी सांगितलं. वहीत लिहिताय म्हणे! म्हणून तर विचारणं बंद केलं. किती खोटं बोलायला लावू?"
जेवताना मनूने विषय काढला. "बाबा, आईला वर्षभर इथेच राहू दे ना. पिल्लू रुळलंय तिच्याजवळ. तुम्ही येऊन-जाऊन करा." सौ. वाढायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.
मी म्हणालो, "बघा, तुमचं काय ते."

बुध. २४
तुमचं काय ते! जीभ झडली होती का माझी? त्या ठोंब्याला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही.
पण मनूचंही खोटं नाही. परक्या बाईवर एवढंसं पोर टाकून कामावर जायचं म्हणजे...
नऊचा फोन अर्धा मिनिट.

शनि. २७
सामंतबाई विचारत होत्या, यंदा वहिनींचं हळदीकुंकू आहे ना? रथसप्तमी सोळा फेब्रुवारीला. लग्न होऊन आल्यापासून सौ.चं हळदीकुंकू चुकलेलं नाही. विचारून सांगतो म्हटलं.

सोम. २९
नऊ वाजले, फोन नाही. सव्वानऊ, नाही. मीच लावला. आपणहून लावायची पहिली वेळ. तिने घाबरून विचारलं, "काय झालं?"
"काही नाही. बॉक्स भरत आलाय. जागा संपेल म्हणतो."
"मग पुसून टाका की. मी बघितलेत सगळे."
"पुसणार नाही."
"अहो, का?"
"तू घरी ये. मला करमत नाही इथे."
बोलून गेलो. पलीकडून नातवाचं रडणं. "थांबा, हा उठला," म्हणाली आणि ठेवला.
मी नको ते बोललो का? लेकीच्या गरजेच्या वेळी हट्ट करणारा बाप झालो का? पण खोटं नव्हतं त्यात काही.

मंगळ. ३०
दिवसभर कशात लक्ष नाही. प्रधान बोलवायला आला म्हणून साडेसातला कट्ट्यावर गेलो. बोर्डावरचं बटण चालू ठेवलं, आणि कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा एकदा बघितलं.
नऊला फोन.
"झालं का रेकॉर्ड?"
मला इतकं बरं वाटलं की कट्ट्यावरून उठून लांब जाऊन उभा राहिलो. "घरी जाऊन बघून सांगतो," म्हटलं.
"चालत चालत बोला मग."
बोललो. भात करपल्याचंही सांगितलं. नातवाला खाली एक दात दिसतोय. हळदीकुंकवाचं विचारलं, तर म्हणाली, "मनूशी बोलते."
घरी पोचलो. रेकॉर्ड झालं होतं, तसं सांगितलं. "बरं," म्हणाली.
फोन मात्र तिनेही ठेवला नाही, मीही नाही.