काचेतल्या झोपेचा पगार

...तर मामा, "घोरणं हा काही आजार नाही, ती पुरुषाची झोप असते" एवढं बोलून तुम्ही फोन ठेवून दिलात आणि माझं उत्तर तोंडातल्या तोंडात राहिलं. मागच्या वेळीही असंच केलंत. त्याच्या मागच्या वेळी तर "आवाज येत नाही" म्हणालात, आणि मला मागून मामी "अहो, स्वच्छ येतोय की" म्हणताना ऐकू आली. म्हणून या खेपेला पत्र. पत्र मधेच ठेवून देता येत नाही, आणि फाडलंत तर मामी तुकडे जुळवून वाचील, तिला तेवढी चिकाटी आहे (तुमच्याशी संसार केलाय).

नमस्कार राहिला, तो आता घ्यावा. मी बरा आहे. मामीचा गुडघा, तुमचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या शाळेच्या गाडीचा बंपर या तिघांची खुशाली कळवावी. बंपरची जरा सविस्तर. तुम्ही म्हणता खांब आडवा आला. मामा, मी त्या खांबाला लहानपणापासून ओळखतो, तो कधी कुठे जात नाही. पण तो विषय आज नको. आज फक्त तुमचं म्हणणं खोडायचं आहे. आणि पैशांचं विचारू नये. या महिन्यात माझ्याकडे दमडी नाही, काही पाठवायला जमायचं नाही, हे आधीच लिहून टाकतो म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

मी गाद्यांच्या दुकानाला लागलो तेव्हा तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात की भाच्याला गादी मिळाली. मिळाली नाही मामा, उचलावी लागते. गोदामातून खांद्यावर घेऊन दुकानात आणायची, गिऱ्हाइकाने पसंत केली की प्लास्टिक चढवून टेम्पोत टाकायची. काम वाईट नाही, पण माझ्यासारख्याला गाद्यांत ठेवणं म्हणजे बोक्याला दुधाच्या पातेल्यावर राखणीला बसवणं. रात्री बक्कळ झोपूनही मी दिवसभर पेंगायचो. गादी खांद्यावर असताना उभ्या उभ्या झोपायचो (गादीचा तो एक फायदा, भिंतीला टेकली की आपणही टेकतो). एक दिवस दुकानातली सगळ्यात महागडी गादी पुसता पुसता मी तिच्यावरच आडवा झालो तो गेलोच. शेठने हात उचललेला, तेवढ्यात एक नवराबायको आत आले आणि बाई म्हणाली, हा माणूस जिच्यावर झोपलाय तीच द्या. शेठचा हात तसाच वळून बिलबुकावर गेला. दुसऱ्या दिवसापासून मला दर्शनी काचेत टाकलं. अंगात दुकानाचा नवा पायजमा, उशाशी पाटी, "उठवू नये". वर झोपण्याचा वेगळा पगार. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी अंथरूण पाहिलं, त्याच्यावरची किंमत पाहिली, आणि पसरले.

तुम्ही म्हणाल, मग रडतोस कशाला. सांगतो. मी काचेत घोरायचो, बाहेर बसथांब्यावरची माणसं बघत उभी राहायची. मधेच घोरणं एकदम बंद पडायचं. छाती हलायची पण वारा आत नाही. माणसं पण श्वास धरून थांबायची. मग मी म्हशीसारखा एक फुरफुराट करून पुन्हा सुरू व्हायचो, आणि लोक टाळ्या वाजवायचे. शेठला वाटायचं ही माझी कला आहे, त्याने तिचे वेगळे पैसे धरले नाहीत एवढंच. पण बसची वाट बघणारी एक नर्सबाई टाळ्या न वाजवता आत आली आणि शेठला म्हणाली की हा माणूस झोपेत मरून मरून परत येतोय. शेठ म्हणाला, परत येतोय ना. बाईने अॅम्ब्युलन्स बोलावली. त्यांच्या माणसांना घाई एवढी की त्यांनी मला गादीसकटच उचललं. मी जागा झालो तो सायरन वाजतोय, आणि माझ्या पायांशी शेठ गादीचं एक टोक धरून बसलेला, प्लास्टिक काढलेल्या मालाला डाग पडला तर कोण भरून देणार म्हणून विचारतोय.

डॉक्टरीणबाई शांत होती. घोरता का, दिवसा झोप येते का, सकाळी डोकं जड असतं का, असं विचारत गेली. मी सगळ्याला हो म्हटलं. घरात आणखी कुणाला आहे का, म्हणाली. मी म्हटलं, माझं नाक मामाचं, मान मामाची, घोरणं मामाचं, लोक म्हणतात भाचा अगदी मामावर गेलाय. ते तिने लिहून घेतलं. मग समजावलं की झोपेत माझा घसा आतून मिटतो, वारा अडतो, शरीर घाबरून मला अर्धवट उठवतं, घसा उघडतो, पुन्हा मिटतो, असं रात्रभर. म्हणजे मी झोपत नव्हतो मामा, रात्रभर हमाली करत होतो, आणि सकाळी उठून पुन्हा हमालीला जात होतो. शाळेत मी मागच्या बाकावर झोपायचो तेव्हा तुम्ही मास्तरांना म्हणाला होतात की पोरगं मठ्ठ आहे. पोरगं मठ्ठ असेलही, पण त्याला एकदा झोपू देऊन बघायला हवं होतं.

आता तपासणी. दवाखान्यात एक रात्र झोपायचे एवढे पैसे सांगितले की तेवढ्यात मी काचेतली गादी उशीसकट विकत घेतली असती. म्हणून डॉक्टरीणबाईने स्वस्तातला उपाय दिला. श्वास मोजणारी एक पेटी अनामत भरून घरी न्यायची, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकात नळी लावून झोपायचं आणि पेटी परत द्यायची. घरी झोपा असं ती म्हणाली होती, पण माझी पगारी झोप काचेत, तर मी तिथेच लावून झोपलो. दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं वायरवाली गादी मागायला आली. शेठने एकाकडून आगाऊ रक्कमसुद्धा घेतली (ती परत करताना त्याचा जो श्वास अडकला तो पेटीत यायला हवा होता). पेटीचा निकाल बघून डॉक्टरीणबाई म्हणाली की तासाभरात तुम्ही जितक्या वेळा थांबता तितक्या वेळा आमची बस थांबत नाही. रोज रात्री मशीन लावायचं. मशीन नळीतून वारा फुंकतं आणि घसा मिटू देत नाही.

मशीनची किंमत ऐकून माझा श्वास जागेपणी थांबला. कामगार विम्याच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाईने विचारलं, आजार केव्हा होतो. मी म्हटलं, झोपेत. म्हणजे कामाच्या वेळेबाहेर, म्हणाली. मी म्हटलं, नाही, मी कामावरच झोपतो. बाईने चष्मा काढला. कामावर झोपता हे तुमच्या मालकाला माहीत आहे का? मी म्हटलं, तोच अंगावर चादर घालतो. तिने आत जाऊन साहेबाला आणलं, साहेबाने मला पुन्हा सगळं सांगायला लावलं, आणि मी सांगता सांगता त्यांच्या बाकावर झोपलो. उठलो तेव्हा खिडकी बंद होती. शेवटी मशीनवाल्यानेच वाट दाखवली, विकत न घेता महिन्याच्या भाड्याने घ्या, मानवलं तर बघू. भाडं शेठने माझ्या काचेतल्या पगारातून कापायचं ठरलं. म्हणजे बघा, झोपेवर कमवायचं आणि झोपेवर घालवायचं, घरात दुसरा खर्च नाही.

लावायचं कसं हा पुढचा तमाशा. आमच्या खोलीत चौघे, माझ्या वरच्या पलंगावर वेल्डर. नाकावरचा मुखवटा बघून बाकीचे दोघे हसले, वेल्डर हसला नाही, त्याला तोंडाला काहीतरी बांधून माणूस बसतो यात नवल वाटत नाही. पहिल्या रात्री माझ्या मिशीतून वारा सुटला आणि कुकरची शिट्टी होते तशी होत राहिली. दुसऱ्या रात्री तोंड उघडं राहिलं, नाकातून घेतलेला वारा तोंडातून वेल्डरच्या लटकत्या पायाला लागला आणि त्याला सर्दी झाली असं तो म्हणतो. मग मशीनवाल्याने मुखवट्याचं माप बदललं, पट्टा सैल केला (मी आवळत होतो, त्यानेच जास्त सुटतं), आणि रोज साबणाच्या पाण्याने धुवायला सांगितलं. तिसऱ्या रात्री मी गपगार झोपलो. आणि मध्यरात्री तोंडावर चप्पल आदळली. ही चप्पल जुनी आहे. वेल्डर ती मला कायम मारायचा. मी समजत होतो माझ्या घोरण्यावर चिडून मारतो. त्या रात्री मी उठून भांडायलाच निघालो, तर तो वरून म्हणाला, "घोरतोस तेव्हा कोण मारतं रे? थांबतोस तेव्हा मारतो." आवाज बंद झाला म्हणजे मेला, या हिशोबाने त्याने सवयीने मारली होती. एवढे दिवस तो अर्धा जागा राहायचा, मामा. मी भांडण परत खिशात घातलं.

आता मजा अशी झाली की आठवडाभरात मी दिवसा जागा राहू लागलो. बसमध्ये जागा. माझ्या थांब्याच्या आधीही थांबे आहेत हे मला कळलं. सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, त्याला शेवट असतो. आणि काचेत मी टक्क डोळे उघडे ठेवून गिऱ्हाइकांकडे बघत पडलेला. गिऱ्हाइकं घाबरून समोरच्या दुकानात जायला लागली. शेठ म्हणाला, चार दिवस मशीन लावू नकोस. लावलं नाही तर झोप येईल, झोप आली तर पगार येईल. पण मशीन लावायचंच नसेल तर भाडं कशाचं भरायचं, आणि भाडं भरायचं नसेल तर काचेत झोपायचं कशाला, हे मी विचारलं तर म्हणाला, सोंग तरी कर. मी सोंग केलं. ते इतकं वाईट होतं की शेठ स्वतः काचेत चढला. बघ, असं, अंग सैल, मान अशी, म्हणत त्याने डोळे मिटले. मिटले ते मिटलेच. दोन मिनिटांत शेठ घोरायला लागला, माझ्यापेक्षा सरस, बसथांब्यावर गर्दी झाली. आणि मग तो थांबला.

मी वाट पाहिली. छाती हलत होती, वारा नव्हता. ओठ काळे दिसायला लागले, बाहेर लोक टाळ्यांसाठी हात वर करून तयार. मामा, मी विचार केला नाही. पायातली काढली आणि मारली.

शेठने फुरफुराट केला, उठला, कपाळावरची चप्पल हातात घेतली. साऱ्या रस्त्यादेखत नोकराने मालकाला चप्पल मारलेली. मी पायजमा सोडून पळायच्या तयारीत. तेवढ्यात त्याची बायको गल्ल्यावरून उठून आली, माझ्याकडे बघितलं नाही, शेठला म्हणाली, "मी बारा वर्षं सांगतेय. ह्या पोराचं तरी ऐका." मग ती भिंतीकडे तोंड करून रडली. दुसऱ्या दिवशी शेठ छातीला पट्टा बांधून आला. त्याचा निकाल माझ्या वरचा निघाला, त्याचा त्याला थोडा अभिमान आहे. आता आम्ही दोघं दिवसभर गाद्यांच्या दुकानात टक्क जागे, एकमेकांकडे बघत बसतो. काच रिकामी आहे. विक्री बसली होती, पण मी आता जागा राहून गिऱ्हाइकांना माल दाखवतो, तर बरी चाललीय. मला काउंटरवर घेतलंय.

तर तुमचं म्हणणं खोडून झालं. मामीला नमस्कार. मोठ्यांच्या पायांना आणि लहानांच्या कानांना मी इथूनच हात लावला असं समजावं.

तुमचाच, नाकाने आणि मानेने,
भाचा

ता.क. मामीने मला तुमच्या मागे फोन केला होता, तिच्यावर ओरडू नये. पोरं उतरवून रिकामी गाडी आणताना तुमचा डोळा लागला आणि खांब आला, हे तिने सांगितलं. नशीब की रिकामी. डॉक्टरीणबाईने माझ्या कागदावर खाली वेगळी ओळ लिहिली आहे, मामांना तपासून घ्यायला सांगा आणि तोवर गाडी चालवू देऊ नका. हे मी वर कुठेच लिहिलं नाही, कारण वर लिहिलं असतं तर तुम्ही तिथेच पत्र ठेवलं असतंत. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला द्या. त्यात दुसऱ्यांची पोरं बसतात. झोपलेल्याला उठवता येतं मामा, सोंग घेतलेल्याला नाही, आणि तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सोंग करता.

ता.क. दुसरा. मिशी काढावी लागत नाही. मी खास विचारून घेतलं. नाकपुड्यांत नुसती टोकं बसवायचा छोटा मुखवटा मिळतो, तो मिशीच्या वर राहतो. मी मशीनवाल्याला तुमचा फोटो दाखवला. तो म्हणाला एवढ्या मिशीलाही चालेल.

ता.क. तिसरा. मामी रात्रभर तुम्हाला कोपर मारते, त्याने बरगडी दुखते अशी तुमची जुनी तक्रार आहे. तुम्ही समजता घोरता म्हणून मारते. तिला एकदा विचारा ती केव्हा मारते.

ता.क. शेवटचा. दमडी नाही लिहिलं ते खोटं. शेठने चपलेचे म्हणून वेगळे दिले, त्यात माझे थोडे घातले. मामीच्या नावावर टाकलेत, तुमच्या नावावर टाकले असते तर बंपर आला असता. बंपर तसाच राहू दे. तुमच्यासाठी पेटीची अनामत, तपासणी आणि मशीनचं पहिल्या महिन्याचं भाडं मिळून नऊ हजार चारशे.