मल्लार्याच्या हातची दिवटी

आधी घडले ते लिहिते.

१. १९८३ साली जनवाड्याचा बंडेप्पा शेटकार बंगळूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सुट्टीला आला, तो एका खेळाच्या नियमपुस्तकाची झेरॉक्स घेऊन. या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात. जमले की फसले ते फासा ठरवतो. गोष्ट चालवण्याचे काम माझ्याकडे आले.

२. पुस्तकात देवाची शपथ घेतलेल्या योद्ध्यांचा एक संघ होता. बंडेप्पाने घोडे आणि चिलखते काढून टाकली, वीरांच्या हाती दिवटी दिली आणि नाव ठेवले दिवटी संघ. शपथा तीन. खोटे बोलायचे नाही. पळत्यावर वार करायचा नाही. संघातल्याच दुसऱ्या वीराने दिवटी हातातून घेतल्याशिवाय जागा सोडायची नाही.

३. वीर दोनच. बंडेप्पाचा मल्लार्य आणि आळंदच्या सिद्धप्पाचा वीरसंग.

४. १९८५च्या पावसाळ्यात पाठलागावरच्यांना अडवून गावकरी पलीकडे उतरावेत म्हणून मल्लार्य दिवटी घेऊन खिंडीत उभा राहिला. तिथे आम्ही खेळ थांबवला. पुढच्या रविवारच्या आत बंडेप्पा काविळीने गेला.

५. दिवस झाल्यावर त्याची आई चन्नव्वा यांनी आम्हा दोघांना बोलावून जेवू घातले, जमखाना अंथरला आणि म्हणाल्या, "त्येचा फासा मी टाकते." तेव्हापासून रविवारी दुपारी त्याच टाकतात. मल्लार्य अजून खिंडीत उभा आहे.

६. सिद्धप्पा वर्षभर आला. मग भांडून गेला.

७. लहानपणीच्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप आवळली आहे. २० मार्चला हैदराबादेत शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टरांनी धोका किती ते स्पष्ट सांगितले. मीच विचारले होते.

म्हणून मी, नलिनी हणमंतराव भालकीकर, वय २८, नोकरी वीजखात्यात, राहणार बिदर, डोके शांत असताना, कोणी सांगितले म्हणून नव्हे, पुढील व्यवस्था लिहून ठेवते.

कलम एक. पोस्टातील रक्कम वडिलांची. त्यांनी ती माझ्या दिवसकार्यावर उधळू नये, डोळ्याचे ऑपरेशन करून घ्यावे. ते पुढे ढकलण्यासाठी यापुढे माझे कारण सांगता येणार नाही.

कलम दोन. मल्टिमीटर, सोल्डरिंगची कांडी आणि हत्यारांची पेटी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलला जी पुढची मुलगी प्रवेश घेईल तिला द्यावी. आमच्या वर्गात मी एकटी होते. काका अच्युतराव तेव्हा म्हणाले होते, "खांबावर चढणारीला कोण करून घेणार?" त्यांस काही नाही. त्यांच्या घरची वायरिंग मी केली आहे, ती त्यांच्याकडेच राहील.

कलम तीन. नियमपुस्तक, खिंडीचा नकाशा आणि फासा सिद्धप्पास. वीस बाजूंचा फासा इकडे मिळेना, म्हणून मी तो जुन्या स्विचच्या बेकलाइटमधून कानशीने घासून केला. एक बाजू किंचित मोठी राहिली आहे, त्यामुळे चौदा जास्त वेळा पडतात. हे आम्हा सर्वांस ठाऊक आहे. त्यावरून तक्रार करू नये.

कलम चार. हे मृत्युपत्र मुख्यतः या कलमासाठी आहे.

भांडण झाले त्या दिवशी सिद्धप्पा म्हणाला होता, "अव्वा, किती दिस उभा करायलाव त्याला? माणूस मेलाय."

चन्नव्वा म्हणाल्या, "तू खेळायला आलास का मयतीला? खेळायचं नसंल तर ऊठ. चहा पिऊन ऊठ."

तो चहा न पिता उठला. तिघांपैकी कोणाचे चुकले हे मी तेव्हा ठरवले नाही, आजही ठरवत नाही.

मागच्या रविवारी चन्नव्वांनी फासा हातात घेतला आणि टाकलाच नाही.

"नलू, त्येचे पाय दुखत असतील गं. आता घरी आण त्येला."

मी म्हटले, "आणते. गोष्ट मी चालवते, नियम मला बदलता येतो."

"न्हाई. बंडूनं केलेला नियम हाय. मोडून आणलास तर त्यो येईल व्हय? उंबऱ्याशी उभा राहील, आत येणार न्हाई."

नियमाप्रमाणे त्यांचेच बरोबर आहे. गोष्ट चालवणाऱ्याचा स्वतःचा वीर नसतो, म्हणून दिवटी मला घेता येत नाही. नवा वीर करावा, तर शपथ द्यायला संघाचे दोन वीर समोर लागतात. उरतो वीरसंग.

तरी सिद्धप्पाने रविवार, १२ मार्चला दुपारी जनवाड्यास यावे. वीरसंगाने खिंडीत जाऊन मल्लार्याच्या हातून दिवटी घ्यावी. फासा टाकायचा नाही; संघाच्या माणसाने संघाच्या माणसाला मोकळे करताना फासा लागत नाही, असा निर्णय मी देते. मल्लार्य घरी पोचल्यावर तो काय जेवला, कुठे निजला, हे चन्नव्वा सांगतील. कोणी मध्ये बोलू नये.

त्यानंतर वीरसंग खिंडीत एकटा उरतो, याची मला जाणीव आहे. हे ओझे मी सिद्धप्पावर टाकते आहे. त्याला उतरवायला कोणी मिळेल असे मी सांगू शकत नाही.

कलम पाच. बंडेप्पा माझा कोण होता असे कोणी विचारल्यास, आम्ही एका जमखान्यावर बसून खेळत असू. कायद्याला याहून जास्त लागत नाही.

वरील मजकूर मी वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: नलिनी हणमंतराव भालकीकर
साक्षीदार: गुरुपादय्या स्वामी, निवृत्त शिक्षक, बिदर
साक्षीदार: सुशीलाबाई देशमुख, परिचारिका, बिदर
ठिकाण: बिदर. तारीख: २ मार्च १९८९

सिद्धप्पा, ही प्रत तुला आळंदच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवते आहे. चन्नव्वांना मी अजून काही सांगितलेले नाही. तू नाही म्हणालास तर सांगणारही नाही. येणार की नाही, एवढेच शुक्रवार, १० मार्चपर्यंत कळव.