अकरावे गाणे

अप्पा, आज महाविद्यालयाच्या निरोप समारंभात मुलींनी माझ्या हातात माइक दिला आणि विचारले, "मॅडम, तुमची आवडती गाणी सांगा ना." मी एका दमात दहा गाणी सांगितली. इतके सलग बोलणे मला वर्गातही जमत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. टाळ्या बहुधा त्यासाठीच होत्या. घरी आल्यावर लक्षात आले, ती यादी आठवीतली होती. तुम्हाला लिहून दिली होती तीच, त्याच क्रमाने.

उमरग्याच्या हमरस्त्यावरच्या तुमच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळत. चालक निम्मे कानडीत, निम्मे मराठीत गाणी सांगत. तुमच्या या लेकीचे अक्षर चांगले म्हणून मी ती वहीत उतरवून घेई आणि तुम्ही संगणकात शोधत बसायचात. एकदा एका पिकल्या मिशांच्या ट्रकचालकाने सहा रडकी गाणी सांगून मध्येच एक अंगाई मागितली. मला हसू फुटले. तुम्ही त्याचे कार्ड भरून त्याला वाटेला लावलेत. मग म्हणालात, "आक्का, माणसाच्या गाण्याला हसू न्हाय. आठ-आठ दिस घर सोडून ऱ्हातंय ते. गाडीत दुसरं कोण हाय त्याला?" माझे कान तापले. पण त्यातून मी शिकले ते भलतेच: आवडते गाणे सांगितले की माणूस उघडा पडतो.

म्हणून, आठवीत मी पहिली आले आणि तुम्ही कोरे कार्ड पुढे ठेवून म्हणालात, "समद्या गावाची भरली. आता तुझी यादी दे," तेव्हा मी घाबरले. मला आवडत होते ते उसाच्या ट्रॅक्टरवर वाजणारे, हलगीच्या ठेक्याचे गाणे. त्यातली बाई जत्रेहून उशिरा आलेल्या नवऱ्याला दारातच फैलावर घेते. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीने हे कसे लिहावे? आमच्या मराठीच्या बाई ज्या भावगीतांची वाखाणणी करीत, त्यांतली दहा मी लिहून दिली. सात तर मी ऐकलीही नव्हती.

तुम्ही ती दोन आठवडे शोधलीत. "नऊ घावली, धाव्यासाठी सोलापूरला जावं लागलं," असे सांगताना तुमचा चेहरा, जणू पहिले तुम्हीच आला होतात. आपण काउंटरमागे बसून ऐकले. एक इअरफोन तुमच्या कानात, एक माझ्या. पहिल्याच कडव्यात तुम्ही जांभई दाबलीत. "चांगलं हाय. जरा सावकाश हाय, न्हाय का?" तेव्हा मी हसले असते तर सगळे तिथेच मोकळे झाले असते. मी म्हणाले, "मला असंच आवडतं, अप्पा."

त्यानंतर मी दुकानाची पायरी चढले की तुम्ही चालू गाणे बंद करून माझी दहा लावू लागलात. एक ट्रॅक्टरवाला वैतागून म्हणाला, "मालक, कोण गेलं का काय?" तुम्ही त्याला दटावलेत, "गप ए. आमच्या आक्काची गाणी हायत." आणि तुम्ही जे बंद करीत होतात, ते बहुतेक वेळा तेच हलगीचे गाणे असे. कोपऱ्यावरून मला ते ऐकू येई. तुम्ही दोन बोटांनी काउंटरवर ठेका धरलेला दिसे. मी दिसले की बोटे थांबत आणि हात माउसकडे जाई. आपल्या दोघांचे गाणे एकच होते, आणि आपण ते एकदाही मिळून ऐकले नाही. दहावीचा निकाल लागला, त्याच महिन्यात तुम्ही गेलात.

ती दहा गाणी मी नंतर खरोखर ऐकली. आता त्यांतला प्रत्येक श्वास मला पाठ आहे. पहिल्या कडव्याशी तुमची जांभई अजून येते. तेव्हा आज मुलींना सांगितले ते खोटे नव्हते, फक्त पुरे नव्हते. अकरावे गाणे मी सकाळी बसमध्ये, चेहरा गंभीर ठेवून ऐकते.

हे पत्र वहीतच राहील. आईच्या हाती पडता कामा नये; ती अजून पाहुण्यांना सांगते, "त्या शाळेनं माझ्या पोरीला लई राबवलं, रोज उशिरा सोडायचे." शाळा पाचलाच सुटत असे, अप्पा. पुढे पुढे मी शेजारच्या शिंप्याच्या दुकानाआड उभी राहून ते गाणे लागायची वाट पाहत असे, आणि ते संपल्यावरच आत येत असे.