चिंधूचा डावा हात

सूस,
१० फेब्रुवारी २००८

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

पौडच्या डॉक्टरांनी तुमचं प्रेशर एकशे ऐंशी निघालं म्हणून सांगितलं, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर तुमचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

शैलेशबरोबर पाठवलेल्या खोक्यात दोन वस्तू आहेत. एक प्रेशर मोजायचं डिजिटल मशीन आणि दुसरा मीठ तोलायचा छोटा काटा. मशीनचा पट्टा डाव्या दंडाला गुंडाळून बटण दाबलं की आकडे आपोआप येतात. रोज सकाळचा आकडा आणि आदल्या दिवशी काय काय खाल्लं, एवढं मारुतीच्या पायरीवरून मला एसएमएस करायचं. तिथे रेंज येते. मी इथे कॉम्प्युटरवर तक्ता केला आहे. तुमचं जेवण त्यात टाकलं की मीठ किती पोटात गेलं याचा अंदाज येतो आणि त्या दिवसाचं घर हिरवं, पिवळं नाही तर लाल होतं. आईने दोघांचं मिळून दिवसाला दहा ग्रॅमच मीठ काढून ठेवावं.

लोणचं, पापड, खारातल्या मिरच्या, सुकट यातलं काही घरात ठेवायचं नाही. टाकून देणं आईच्या जिवावर येईल, तर सगळं आपल्या शेतावर राबणाऱ्या चिंधूकाकांकडे द्या. त्यांचं कष्टाचं शरीर, त्यांना काही होत नाही.

आणि हो, मशीन मागचे साठ आकडे लक्षात ठेवतं. अधूनमधून येऊन मी ते एसएमएसशी ताडून बघणार आहे. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कॉप्या पकडल्यात, आता परीक्षा तुमची आहे.

आईला नमस्कार. माया आहे तशीच ठेवा, मीठ तेवढं कमी करा.

तुमची,
उत्कर्षा

-----

कोळवण,
२ मार्च २००८

चि. सौ. उत्कर्षा हिस अ. उ. आ.

तुझी आई सोनाराच्या वर झाली आहे. काट्यावर मीठ ठेवते, चिमूटभर परत काढते, चष्मा लावून पुन्हा बघते. आमटी कशी झाली विचारलं की मी नुसतं काट्याकडे बोट दाखवतो. पंधरा दिवसांत तोंडाची चव कुठे गेली ते कळत नाही.

तुझ्या हुकमाप्रमाणे लोणच्याच्या दोन बरण्या, पापडांचा डबा आणि सुकटाची पिशवी चिंधूने दोन खेपांत डोक्यावरून वरच्या वाडीला नेली. त्याची कारभारीण सोनी फार खूश झाली. तिने उलट नाचणीचं पीठ पाठवलं. चिंधूला मशीनचं भारी कौतुक. पट्टा फुगतो आणि सुस्कारा सोडतो, ते बघायला रोज चहाच्या वेळी पडवीत येऊन बसतो.

पहिल्या पंधरवड्यातल्या लाल घरांवरून तू मला फैलावर घेतलंस. आता या आठवड्याचे बघ. १३२, १३४, पुन्हा १३२. म्हातारा अजून पास होतो म्हणायचा.

शैलेशरावांना आशीर्वाद सांग. आमच्यावर लक्ष आहे तसं राहू दे, पण जरा लांबून.

तुझे,
बाबा

-----

सूस,
२२ जून २००८

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला मी मानलं. पावणेचार महिने सलग हिरवी घरं! मे महिन्यात आले तेव्हा मशीनमधला आकडा अन् आकडा ताडून पाहिला, एकाचाही फरक नाही.

आता खरी बातमी. आमच्या कंपनीत आरोग्य सप्ताह झाला. त्यात मी तुमचा तक्ता पडद्यावर दाखवला. खेड्यातले एक निवृत्त शिक्षक नुसता साधा मोबाईल आणि मशीन वापरून जेवण कसं बदलतात, हे पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पहिलं बक्षीस मिळालं. फोटो सोबत पाठवते. शैलेश म्हणतो, सासऱ्यांचं प्रेशर जावयापेक्षा कमी, ही काही बरी गोष्ट नाही.

चिंधूकाका मे महिन्यात थकल्यासारखे वाटले. डोकं ठणकतं म्हणत होते. उन्हाचं असेल. त्यांना टोपी घालायला सांगा.

तुमच्या आशीर्वादाने सगळं ठीक. असेच पहिल्या नंबरात राहा.

तुमची,
उत्कर्षा

-----

कोळवण,
२० जुलै २००८

चि. सौ. उत्कर्षा हिस अ. उ. आ.

भाताची लावणी उरकत आली. चिंधूचा हात यंदा सावकाश चालतो.

कळवायचं राहिलं, मशीनचे सेल संपले आणि नवे घातले तर आतली पाटी कोरी झालेली. आकडे तुझ्याकडे आहेतच. पुढच्या महिन्यात नाही आलीस तरी चालेल, पिरंगुटच्या पुढे रस्ता फार उखडला आहे.

तुझ्या बक्षिसाचा फोटो आईने कपाटाच्या दाराला लावला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. मी त्या खोलीत फारसा जात नाही.

प्रकृतीला जप. आमच्याविषयी मनात आहे ते तसंच असू दे.

बाबा

-----

कोळवण,
१० ऑगस्ट २००८

चि. उत्कर्षा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतो आहे. पहिली दोन फाडली. आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून वर लिहिलेले नाहीत.

चिंधू मंगळवारी आपल्या खाचरात पडला. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. जीपमध्ये घालून पुण्याला नेला. जीव वाचला आहे. तिथले डॉक्टर म्हणाले की याचं प्रेशर बऱ्याच दिवसांपासून चढलेलं असणार, एकदा तरी मोजायला हवं होतं. मी शेजारीच उभा होतो. मोजलं होतं, पोरी. रोज मोजलं होतं. मीच मोजलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटापासून तुझ्या तक्त्यात जे आकडे आहेत, ते माझे नाहीत. चिंधूचे आहेत.

झालं असं. अळणी जेवून दहा-बारा दिवस काढले आणि एका दुपारी शेतावर गेलो. चिंधू जेवायला बसला होता. फडक्यात भाकरी, सुकटाची चटणी आणि आपलंच लोणचं. त्याने अर्धी भाकरी पुढे केली. नाही म्हणायला हवं होतं, म्हणालो नाही. दुसऱ्या सकाळी आकडा आला १७२. तुला तो पाठवायची लाज वाटली, आणि मशीन तर लक्षात ठेवणार. पडवीत चिंधू चहा पीत होता. मी गंमत म्हणून त्याचा दंड मागितला. १३२. तो आकडा मशीनमध्ये बसला, मी तोच तुला कळवला. १७२ तर तू मेमध्ये येईपर्यंत मागच्या साठांतून निघून गेला होता. मग रोजचंच झालं. सकाळी त्याचा हात, दुपारी त्याची भाकरी. आईने तोललेलं मीठ फक्त तुझ्या एसएमएसमध्ये गेलं. कॉपी करणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करत होतो. ती पोरं आता एकेक करून आठवतात.

इथवर असतं तर मी तुझ्या शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. पण जूनअखेर त्याचा आकडा चढायला लागला. १४८. मग १६२. ते मी पाठवले नाहीत, मनाने कमी करून पाठवले. लावणीत एका सकाळी १८८ आला. तीनदा पट्टा लावला, तीनदा तेच. चिंधूने विचारलं, गुरुजी, मशीन काय म्हनतंय. मी म्हणालो, ठीक आहे. त्याला पौडला न्यायचं तर आकडा कसा कळला हे सांगावं लागणार, मग तुझ्या तक्त्याचं काय, तुझ्या टाळ्यांचं काय. एवढाच विचार केला मी. बटण दाबून सगळं पुसलं आणि तुला सेल संपल्याचं लिहिलं.

तो पडला त्या सकाळी मारुतीच्या पायरीवरून मी तुला १२६ पाठवला होता.

आईला काल सांगितलं. तिने फोटो काढून ठेवला. तू काय करायचं ते ठरव.

बाबा

-----

सूस,
१४ ऑगस्ट २००८

ती. बाबांना सा. न.

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. तुम्हाला वाट्टेल ते लिहायचं ठरवून घरी आले. लिहायला बसले तर निम्मं माझ्यावरच येतं.

मशीनच्या पुस्तिकेत लिहिलं आहे की सेल काढले तरी आकडे पुसले जात नाहीत. बटण दाबून ठेवलं तरच जातात. मला ते ठाऊक होतं, बाबा. तुमचं जुलैचं पत्र वाचलं तेव्हाच डोक्यात आलं होतं. मी विचारलं नाही, कारण दिवाळीत दुसऱ्या ऑफिसात तोच तक्ता दाखवायचा होता. मला हिरवी घरं हवी होती.

आणि ते लोणचं वाडीला पाठवायला कुणी सांगितलं होतं? माझं फेब्रुवारीचं पत्र काढून वाचा. तुम्ही ते एका शब्दाने सुनावलं नाहीत, म्हणून मीच सांगते. जे माझ्या बापाला विष म्हणून घराबाहेर काढलं, ते चिंधूकाकांना चालतं असं मी लिहिलं. ओढ्याला पाणी आलं की ज्यांच्या खांद्यावर बसून मी शाळेत जायचे, त्यांना काही होत नाही म्हणे. तक्त्यात सगळे आकडे त्यांचे आणि नाव कुठेच नाही. मे महिन्यात डोकं धरून समोर बसले होते, तर मी टोपी सुचवली.

काल ऑफिसात सगळं सांगून बक्षीस परत केलं.

त्यांना हे माहीत आहे का? नसेल तर तुम्ही सांगायचं, माझ्या वाट्यासकट. मी आले की आधी वाडीवर जाईन, मग घरी.

रागावले आहे, पण तुमचीच आहे.

उत्कर्षा

-----

कोळवण,
२४ ऑगस्ट २००८

चि. सौ. उत्कर्षा हिस,

चिंधूला घरी आणला आहे. परवा वाडीवर गेलो. मशीन पिशवीत होतं. ते कशाला घेतलं, माझं मलाच माहीत नाही.

मी दारात दिसताच सोनीने शेजारच्या बायकांना सांगितलं की ह्येच गुरुजी, ह्येंनीच रोज मशीन लावलं, म्हनून तर जीव वाचला. मग मला म्हणाली की चैतापास्नं डोकं दुखतंय म्हणून हा लई कण्हायचा, पण तिने दवाखान्यात नेला नाही. गुरुजी रोज बघत्यात, काय असंल तर सांगतील की, असं ती वाडीत सगळ्यांना सांगत होती. चिंधूला तर वाटायचं की तो पट्टा म्हणजे औषधच आहे. लावला की बरं वाटतं, असं तो घरी येऊन सांगायचा.

मी उंबऱ्यातच खाली बसलो आणि सगळं सांगितलं. लोणच्यापासून १८८ पर्यंत. तुझा वाटाही सांगितला. बायका उठून गेल्या. सोनी म्हणाली की, म्हंजी आकडा तुमाला दिसत व्हता आन् तुमी गप ऱ्हायला. पाठ फिरवून ती चुलीपाशी गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन खाली आलो असतो.

जायला उठलो, तर चिंधूने घोंगडीतून उजवा हात बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला. वाकड्या तोंडाने सावकाश बोलला. म्हणाला की गुरुजी, आता ह्या हाताला लावा, त्यो हात गेला. आन् आकडा मोठ्यानं सांगा, सोनीला ऐकू जाऊ द्या.

मी पट्टा बांधला. १५४ आला. चुलीपर्यंत ऐकू जाईल असा मोठ्याने सांगितला. सोनीने मागे वळून पाहिलं नाही, पण कोळशाने भिंतीवर तो आकडा ओढला. उद्यापासून रोज सकाळी वाडी चढायची आहे. तक्त्यात त्याचं नाव घाल, माझ्या वर.

तुझ्या मायेवर हक्क सांगायचं तोंड नाही. उरली असेल तेवढी असू दे.

बाबा

ता. क. आजचा माझा आकडा १७६. हा माझ्याच दंडाचा आहे.